डीसी-३ ८४ वर उचललं की डावीकडे का कलंडतं? (नागपूर, रात्रीची डाक)

निशाचर | सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. महिनाभर सिम्युलेटरमध्ये एकाच उड्डाणाच्या मागे लागलोय. नागपूरहून मुंबई, मध्यरात्र उलटल्यावर, डीसी-३ या दोन पिस्टन इंजिनांच्या जुन्या विमानात डाकेच्या पिशव्या भरून. १९४९ मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, पिशव्यांची आणि उतारूंची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. त्यातला मुंबईचा परतीचा टप्पा मला मनासारखा करायचाय, पण टेकऑफलाच गाडी अडलीय.

वजन २५,२०० पौंड, म्हणजे पूर्ण भरलेलं. फ्लॅप शून्य. चेकलिस्टमध्ये व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ थांबवायचा नाही तो वेग) ८४ आणि व्ही-टू (एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल तो वेग) पण ८४. काटा ८४ वर आला की योक (हातातलं नियंत्रण-चाक) मागे घेतो. चाकं सुटतात, पण विमान जड जड वाटतं, नाक वर आणि चढ जवळजवळ नाहीच. दोन्ही इंजिनं नीट असली तर कसंबसं निभावतं. डावं इंजिन बंद पडायचा प्रसंग लावला की संपलंच. उजवा रडर (शेपटीवरचं, पायाने चालणारं सुकाणू) पार टोकापर्यंत दाबूनही तीन-चार सेकंदांत डावा पंख खाली जातो आणि विमान पाठीवर. अकरा वेळा केलं, अकराही वेळा हेच.

शोधाशोध केली तर कुठे ८४, कुठे ९७, एका जुन्या कागदात ८८. नक्की कुठला आकडा धरायचा?

---

विमानवेडा | सोमवार, रात्री ११.५८

८४ बरोबर आहे. तुमचे रडर पेडल नीट जोडलेत का ते आधी बघा. बऱ्याचदा अर्धाच रडर मिळत असतो.

---

शेपूटचाक | मंगळवार, सकाळी ६.३०

निशाचर, पेडलचं नंतर बघू. आधी एक करा. विमान उभं असताना कॅमेरा वेगमापकाच्या अगदी जवळ न्या आणि तबकडीवर लहान अक्षरांत काय लिहिलंय ते इथे सांगा.

---

निशाचर | मंगळवार, सकाळी ७.१५

ऑफिसला निघता निघता बघितलं. रात्री पॅनेलचे दिवे मंद ठेवतो म्हणून कधी दिसलंच नव्हतं. काट्याच्या मुळाशी, तबकडीच्या खालच्या अर्ध्यात, बारीक पांढऱ्या अक्षरांत एम.पी.एच.

म्हणजे मैल! आणि मी महिनाभर ते नॉट (सागरी मैल प्रतितास) समजून उडवतोय.

---

शेपूटचाक | मंगळवार, दुपारी १.१०

सापडलं तर. आता सविस्तर लिहितो, जेवणाची सुट्टी आहे.

त्या काळच्या अमेरिकन विमानांत वेगमापक मैल प्रतितासात असणं अगदी सर्रास होतं. नॉट नंतर रुळले. त्यामुळे एकाच जातीच्या विमानाच्या दोन कागदांत दोन वेगळे आकडे दिसतात आणि दोन्ही खरे असतात. ८४ नॉट म्हणजे ९७ मैल. तुम्हाला सापडलेले ८४ आणि ९७ हा एकच वेग आहे. आता उलट बाजूने बघा: तुमचा काटा ८४ दाखवत होता, पण ते मैल होते, म्हणजे ७३ नॉट. तुम्ही विमान ११ नॉट आधीच जमिनीवरून ओढून काढत होतात.

आणि तुमचा तिसरा आकडा, ८८, हाच या सगळ्याची किल्ली आहे. तो टेकऑफचा वेग नव्हे, तो व्हीएमसी. एक इंजिन बंद, त्याचा पंखा वाऱ्यावर नुसता फिरतोय, दुसरं पूर्ण ताकदीवर, अशा अवस्थेत विमान ज्या कमीत कमी वेगाला सरळ धरता येतं तो वेग. डीसी-३ साठी ८८ मैल, म्हणजे साधारण ७७ नॉट. त्याच्या खाली रडरवरून जाणारी हवा इतकी मंद असते की पेडल जमिनीला टेकवलं तरी चालू इंजिनाची ओढ तुटत नाही. तुम्ही ७३ ला हवेत आणि डावं इंजिन बंद. अकरा वेळा उलटलात त्यात तुमच्या पायाचा दोष नाही. त्या वेगाला रडरमध्ये तेवढी ताकदच नव्हती.

डावं बंद पडल्यावर जास्त वाईट का, हेही सांगून टाकतो. दोन्ही पंखे वैमानिकाच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. नाक वर असलं की पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं. उजव्या इंजिनाचं ते पातं विमानाच्या मध्यरेषेपासून सगळ्यात लांब, म्हणून उजव्याची तरफ मोठी. डावं गेलं की हीच मोठी तरफ एकटी उरते. म्हणून या विमानात डावं इंजिन कळीचं.

आता ८८ ला १.१ ने गुणा. ९६.८. तुमचे ९७ मैल तिथून येतात. व्ही-टू हा व्हीएमसीच्या किमान १.१ पट असावा असा वाहतूक विमानांचा नियम. दुसरी अट स्टॉलच्या वेगाच्या, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलूनच धरत नाही त्या वेगाच्या, १.२ पट, दोन इंजिनांच्या विमानाला. दोन्हींतला मोठा आकडा धरायचा. डीसी-३ मध्ये बहुतेक वेळा व्हीएमसीवालाच मोठा निघतो.

---

विमानवेडा | मंगळवार, दुपारी १.४०

पटलं. पण मी रिकामं विमान नेहमी ७५ नॉटला उचलतो आणि छान उडतं. वजन कमी असेल तर वेग कमी हे साधं गणित आहे ना?

---

शेपूटचाक | मंगळवार, दुपारी १.५५

स्टॉलचा वेग वजनाबरोबर उतरतो, व्हीएमसी तसा उतरत नाही. रडर तेवढाच, इंजिन तेवढंच, दोन इंजिनांमधलं अंतर तेवढंच. रिकाम्या डीसी-३ ला ७५ ला उडायची हौस असते हे खरं, पंख तेवढे मोठे आहेतच. पण ७५ ते ८४ या पट्ट्यात तुम्ही अशा जागी असता की विमान उडतंय पण एक इंजिन गेलं तर हातात राहीलच याची खात्री नाही. म्हणून रिकामं असो की भरलेलं, ८४ नॉटच. रिकामं असेल तर ते जमिनीवर दाबून धरायला लागेल, तेवढंच.

तुमचं आजवर छान उडालं कारण इंजिन बंद पडलं नाही.

---

तेलकट_हात | मंगळवार, रात्री ९.२०

मी विमान देखभालीत आहे, पण आयुष्य जेट इंजिनांवर गेलं. रेडियलचा (सिलिंडर गोलाकार लावलेल्या पिस्टन इंजिनाचा) नाद मात्र जुना, म्हणून वाचत होते. वेगाची चर्चा चांगली चाललीय, पण त्या वेगापर्यंत पोचायचं कसं हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

डीसी-३ ची ट्विन वास्प, आर-१८३०, चौदा सिलिंडरची, १२०० अश्वशक्ती. टेकऑफला मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) ४८ इंच, मिनिटाला फेरे २७००. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की समुद्रसपाटीजवळ थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला तर सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) दाब ४८ च्या वर नेतो. म्हणजे इथे 'फुल थ्रॉटल' असा प्रकार नाही. काटा बघून ४८ ला थांबायचं. ज्यांना जेटची किंवा सेसनाची सवय आहे ते नेमके इथे चुकतात. थ्रॉटल धाडकन टोकाला नेतात, सिम्युलेटरमध्ये इंजिनाचं नुकसान चालू ठेवलेलं असतं आणि मग इंजिन आपोआप का गेलं म्हणून विचारतात.

मी असं करते. इंधन-हवेचं मिश्रण ऑटो-रिच, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) ट्रेलवर, शेपटीचं चाक कुलूपबंद. ब्रेक धरून ३० इंच, दोन्ही इंजिनांचे काटे जोडीने वर येतात का ते बघायचं. तेलाचा दाब, सिलिंडर हेडचं तापमान. मग ब्रेक सोडून हळूहळू ४८. हळूहळू म्हणजे 'एकशे एक, एकशे दोन' असं पाच-सहा पर्यंत मोजत. सुरुवातीच्या काही सेकंदांत रडरवर वारा नसतो आणि विमान डावीकडे ओढतं, तेव्हा डावा थ्रॉटल उजव्यापेक्षा बोटभर पुढे ठेवला तर नाक सरळ राहतं. ब्रेकने सरळ करायला गेलात तर धाव लांबते आणि विमान नागासारखं वळवळतं.

चाकं वर घेतली, वेग व्ही-टूच्या पुढे गेला, की साधारण ४२ इंच आणि २५५० फेरे. आधी इंच कमी, मग फेरे. हा क्रम उलटा करू नका. कमी फेऱ्यांवर जास्त दाब म्हणजे सिलिंडरच्या जिवावर बेततं.

---

निशाचर | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, थ्रॉटलचं मी नेमकं हेच करत होतो. धाडकन ढकलत होतो. खूप आभार.

शेपूटचाक, काल रात्रीच्या त्याच स्थितीत ९७ मैलांवर उचलून बघितलं. डावं इंजिन चाकं सुटल्यावर दोन सेकंदांनी बंद. उलटलं नाही! वळलं, घाबरवलं, पण उजव्या पेडलने धरलं. मात्र उंची काही मिळेना. २०० फुटांवर रखडलो आणि झाडांत गेलो.

---

शेपूटचाक | मंगळवार, रात्री १०.३०

छान. आता तीन गोष्टी, याच क्रमाने. चाकं वर. बंद इंजिनाचा पंखा फेदर, म्हणजे पाती वाऱ्याला कडेने आडवी करून पंखा थांबवायचा, बटण डोक्यावरच्या पॅनेलवर आहे. आणि पंख समतल ठेवू नका, चालू इंजिनाकडे पाच अंश कलवा. व्हीएमसीचा आकडासुद्धा तेवढा कल धरूनच काढलेला असतो. फेदर न केलेला पंखा म्हणजे पंखावर आडवी लावलेली फळी आहे, त्या ओझ्यासकट पूर्ण भरलेली डीसी-३ चढणार नाही. या विमानात पंखा आपोआप फेदर होत नाही, तुमचा हात तिथे जायला हवा. आणि फेदर करण्याआधी कुठलं इंजिन गेलं ते मोठ्याने बोला. चालू असलेलंच फेदर करून बसलेले मी पुष्कळ बघितलेत.

---

कोथरूडकर | बुधवार, सकाळी ८.४५

एक मूलभूत शंका. मी एअरबस उडवतो, म्हणजे सिम्युलेटरमध्ये. तिथे व्ही-वन, व्ही-आर (नाक उचलायचा वेग), व्ही-टू असे तीन आकडे असतात. डीसी-३ च्या कागदात व्ही-आर कुठेच नाही. मग योक मागे कधी घ्यायचा? आणि व्ही-वन आणि व्ही-टू सारखेच कसे?

---

शेपूटचाक | बुधवार, दुपारी १.१५

प्रश्न आवडला, कारण यात इतिहास आहे.

पिस्टन विमानांच्या जुन्या अमेरिकन नियमावलीत व्ही-आर हा प्रकारच नव्हता. व्ही-वन आणि व्ही-टू एवढेच. व्ही-आर आला १९५८ च्या सुमारास, टर्बाइन विमानांच्या नियमांसोबत. जेटमध्ये नाक वेळेआधी फार वर उचललं तर पंख इतका अडवतो की विमान धावपट्टीवरच नाक वर करून रखडतं, म्हणून तिथे नाक कधी उचलायचं याला वेगळा आकडा द्यावा लागला.

डीसी-३ मध्ये 'नाक उचलणं' असं काही नसतंच. शेपटीचं चाक खाली असताना नाक आधीपासूनच आभाळाकडे असतं. तुम्ही आधी शेपूट उचलता, म्हणजे नाक खाली आणता, विमान दोन पुढच्या चाकांवर जवळजवळ समतल धावतं, आणि ८४ नॉटला योकवर किंचित ओढ दिली की ते धावपट्टी सोडतं. ओढ म्हणजे बोटांची ओढ. हाताची नव्हे.

व्ही-वन आणि व्ही-टू सारखे असण्याचा अर्थ वैमानिकाच्या दृष्टीने फार स्वच्छ आहे. ८४ च्या आधी काही बिघडलं तर दोन्ही थ्रॉटल बंद आणि जमिनीवरच थांबा. ८४ ला किंवा नंतर बिघडलं तर तुमच्याकडे उडायला पुरेसा वेग आहे, उडा. अधलीमधली जागा नाही. तुम्ही ७३ ला हवेत गेलात तर ती अधलीमधली जागा स्वतःच्या हाताने तयार करता. थांबायला उशीर झालेला, उडायला वेग नाही.

आजची नागपूरची धावपट्टी ३२०० मीटर आहे. डीसी-३ ला ती रानासारखी मोकळी. ८४ पर्यंत वाट बघायला काहीही हरकत नाही.

---

विमानवेडा | बुधवार, दुपारी २.००

आणि शेपूट कधी उचलायची? मी तिन्ही चाकांवरूनच सरळ उचलतो. छोट्या विमानाला चालतं.

---

शेपूटचाक | बुधवार, दुपारी २.२०

लहान विमानाला चालतं, याला नाही. तिन्ही चाकांवरून उचललं तर ते फार कमी वेगाला सुटतं, पुन्हा तोच ७०-७५ चा सापळा. काटा ४०-५० नॉटच्या दरम्यान आला की योक पुढे सारून शेपूट हलकी होऊ द्या. झटका नको. शेपूट वर जाताना फिरणारे पंखे भोवऱ्यासारखे वागतात आणि नाक आणखी डावीकडे ढकलतात. जितक्या झटक्याने उचलाल तितका धक्का मोठा. त्या क्षणासाठी उजवा पाय तयार ठेवा.

---

सोनेगावकर | बुधवार, सायंकाळी ६.४०

मला सिम्युलेटरमधलं काही कळत नाही. नातवाने हा धागा दाखवला म्हणून त्याच्याकडून सदस्यत्व घेतलं. वय ८१.

आमचे काका नागपूरला रेल्वे डाक सेवेत होते आणि आम्ही मुलं उन्हाळ्यात त्यांच्याकडे असायचो. सोनेगावच्या, म्हणजे विमानतळाच्या, बाजूला तेव्हा घरं फार नव्हती. अंगणात बाजा टाकून झोपायचो. मध्यरात्रीच्या सुमारास विमानं एकामागून एक उतरायची, मग काही वेळ शांतता, आणि मग परत जाणारी सुरू व्हायची. सुरू होताना इंजिन आधी खोकायचं, थांबायचं, पुन्हा खोकायचं आणि मग एकदम धरायचं. अंधारात त्याच्या नळकांड्यातून निळा जाळ दिसायचा.

तुम्ही शेपूट उचलण्याबद्दल लिहिलंत म्हणून हे आठवलं. आम्ही धावपट्टीच्या मागच्या अंगाला असू तर विमान दिसायचं नाही, फक्त शेपटीवरचा पांढरा दिवा दिसायचा. तो दिवा जमिनीलगत पळायला लागायचा. मग माणूस बसलेला उठून उभा राहावा तसा तो एकदा थोडा वर व्हायचा. आम्हाला वाटायचं, उडालं. पण नाही. तो त्याच उंचीवर सरळ रेषेत पळतच राहायचा, पळतच राहायचा, आणि मग अगदी हलकेच तिरका वर निघायचा. मधल्या वेळात आम्ही भावंडं आकडे मोजायचो. ज्याचा आकडा बरोबर येईल त्याला दुसऱ्या दिवशी पहिला आंबा.

तो दिवा इतका वेळ का थांबायचा हे मला आज, ७० वर्षांनी, या धाग्यावर कळलं.

---

तेलकट_हात | बुधवार, सायंकाळी ७.०५

काका, फार सुंदर लिहिलंत. अजून आठवेल ते जरूर लिहा.

---

निशाचर | बुधवार, रात्री ९.३०

काका, मी हे उड्डाण ज्यासाठी करतोय ते तुम्ही प्रत्यक्ष बघितलंत. नमस्कार.

---

ऑशकॉशवारी | गुरुवार, पहाटे ४.१०

अमेरिकेतून लिहितोय. ऑशकॉशच्या मेळाव्यात सी-४७ च्या, म्हणजे डीसी-३ च्या लष्करी भावंडाच्या पोटात शिरायला मिळालं. मागच्या दारातून आत पाऊल टाकलं की आधी लक्षात येतो तो चढ. कॉकपिटपर्यंत जायला अक्षरशः डोंगर चढल्यासारखं पुढे वाकून जावं लागतं. वैमानिकाच्या खुर्चीच्या उंचीवरून समोर बघितलं तर धावपट्टी दिसणार नाही, नाकच दिसेल. शेपूट वर आल्यावर त्या माणसाला पहिल्यांदा सगळी धावपट्टी दिसत असणार. मॉनिटरवर हे कळत नाही, कारण आपण कॅमेरा आपल्याला सोयीचा करून घेतो. निशाचर, कॅमेरा खुर्चीच्या खऱ्या उंचीवर ठेवून एकदा करून बघा.

---

कोथरूडकर | गुरुवार, सकाळी ९.००

उन्हाचं काय? नागपूरचा मे महिना. वेग वाढवायचा का?

---

शेपूटचाक | गुरुवार, दुपारी १.२०

काट्यावरचा वेग तोच, ८४. काटा हवेचा दाब मोजतो आणि पंखालाही त्याच दाबाशी कर्तव्य असतं. बदलतो तो जमिनीवरचा वेग.

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यातली दुपार ४४ अंश धरली तर फरक ३१ अंशांचा, दर अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे हवा जवळपास ४७५० फुटांवर असावी तेवढी विरळ. तिथे काट्यावरचे ८४ म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ९० नॉट. वेगाचा वर्ग घेतला तर नुसत्या त्यापोटीच धाव १५ टक्क्यांनी लांबते. इंजिनाची आणि पंख्याची ओढ घटते ते वेगळंच. रात्री ३० अंश असेल तर प्रत्यक्ष वेग ८८ च्या आसपास. डाक रात्री नेण्यात हाही एक फायदा आपोआप मिळत असे.

इथे अजून एक फसवी जागा. पडद्याच्या कोपऱ्यात जो वेग अक्षरांत दिसतो तो काट्याचा की प्रत्यक्ष, ते बघून घ्या. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये हे निवडायची सोय आहे. प्रत्यक्ष वेग निवडलेला असेल आणि तुम्ही तिथले ८४ बघून उचललंत, तर नागपूरच्या दुपारी तुम्ही पुन्हा ७८ च्या आसपासच असाल.

---

हिमशिखर | गुरुवार, दुपारी ३.००

याचं टोकाचं उदाहरण हवं असेल तर लेहला जा. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिला डकोटा (डीसी-३ चंच लष्करी रूप) उतरवला, तोही नुकत्याच तयार केलेल्या कच्च्या पट्टीवर. सध्याचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब जेमतेम २० इंच, सुपरचार्जरने कितीही फुगवला तरी ४८ इंच मिळत नाहीत. काट्यावर ८४ दिसेपर्यंत चाकं १०० नॉटच्या आसपास धावत असतात. मी रिकाम्या विमानाने करून बघितलं आणि नंतर बराच वेळ त्या माणसांचा विचार करत बसलो.

---

मलबार | गुरुवार, रात्री ८.१५

विषय थोडा वाढवतो. चार इंजिनांच्या विमानांत हेच गणित वेगळं पडतं. मी कॉन्स्टेलेशन उडवतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, ते हेच, लॉकहीड एल-७४९.

इथे एकच आकडा पाठ करून चालत नाही. चारातलं एक इंजिन गेलं तर ओढ तेवढी तिरकी होत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा व्हीएमसीऐवजी स्टॉलची अट वरचढ ठरते. आणि ती वजनावर चालते. नियमातही चार पिस्टन इंजिनांना स्टॉलच्या १.१५ पट पुरतो, दोन इंजिनांसारखा १.२ नाही, कारण पंख्यांचा झोत पंखाच्या बऱ्याच भागावरून जात राहतो.

वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो. एल-७४९ए आणि डीसी-६बी, दोन्हींचं कमाल वजन १,०७,००० पौंड. तेच विमान ८०,००० पौंडांवर असेल तर वेग साडेतेरा टक्क्यांनी उतरतो. पूर्ण वजनाला ११५ नॉट धरले तर हलक्या विमानाला साधारण ९९. एवढा फरक असताना प्रत्येक उड्डाणाआधी तक्त्यात बोट ठेवून बघण्याला पर्याय नाही. मी तक्ता छापून किबोर्डशेजारी चिकटवलाय.

---

निशाचर | शनिवार, रात्री १.४५

आत्ताच उतरलो. मुंबई, सांताक्रूझ.

काल रात्री वेगमापकाच्या तबकडीचं चित्र छापून त्यावर ८८ ला लाल आणि ९७ ला हिरवी रेघ मारली आणि मॉनिटरच्या कडेला लावलं. कॅमेरा खुर्चीच्या खऱ्या उंचीवर. खरंच काही दिसत नाही, डाव्या खिडकीतून धावपट्टीचे दिवे बघत सरळ ठेवावं लागतं. ३० इंच, मग मोजत मोजत ४८. डावा थ्रॉटल बोटभर पुढे. शेपूट हलकी झाली आणि समोरची सगळी दिव्यांची रांग एकदम उघडली. ८८ गेलं. विमान वर यायला बघत होतं, योक पुढे धरून ठेवलं. ९७ ला बोटं सैल केली आणि ते स्वतःच निघालं.

डावं इंजिन बंद पडायचा प्रसंग मी नेमका कधी येईल हे न कळता लावून ठेवला होता. तो आला चाकं वर जात असताना. मोठ्याने म्हटलं, "डावं." पेडल, फेदर, उजवीकडे कल. ९७ च्या खाली काटा जाऊ दिला नाही. मिनिटाला जेमतेम १०० फूट, पण चढत होतं. फेरी मारून नागपूरलाच उतरलो. मग दुसऱ्यांदा दोन्ही इंजिनांवर मुंबईपर्यंत.

सोनेगावकर काका, पहिल्या टेकऑफची नोंद मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याने पुन्हा चालवून बघितली. पांढरा दिवा उचलला गेल्यापासून जमीन सोडेपर्यंत पंधरा मोजले.

---

सोनेगावकर | शनिवार, सकाळी ६.१०

रात्रभर जागलात, आता झोपा.

आमचा आकडा किती यायचा ते आता आठवत नाही, आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या गतीने मोजायचो. तुमची ती नोंद इथे लावता येत असेल तर लावा, आवाजासकट. कॅमेरा मात्र खाली घ्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, धावपट्टीच्या मागे, थोडा डावीकडे.